वाढलं काय गं ॲव्हरेज?

रविवारी दुपारी जेवणं चालली होती. पांढऱ्या रश्श्याची दुसरी वाटी मी नुकतीच तोंडाला लावलेली, आणि समोर बसलेल्या भाच्यानं भाकरी मोडता मोडता विचारलं, "आत्या, वाढलं काय गं ॲव्हरेज?" मी विचार न करता बोलून गेले, "व्हय की, वाढलंय." "किती?" "असंल एक-दीडनं." त्याचा चेहरा असा काही फुलला की काय सांगू, लगेच आईकडं वळून म्हणाला, "बघ, मी म्हणलो नव्हतो?" आणि मग पुढचा बेत सांगायला लागला, की आता पाडव्याला बाबांच्या गाडीला पण तसलाच हवेचा फिल्टर घ्यायचा, कंपनीतले दोन मित्र पण विचारायलेत, त्यांना सांगतो आत्याच्या गाडीला रिझल्ट आलाय म्हणून. मी रश्श्यात बघत बसले. वाटी कधी संपली ते कळलंच नाही.

वाढलं नव्हतं.

मी कागलला एका पतसंस्थेत अकाउंट्स बघते, रोज कोल्हापुरातल्या राजारामपुरीतनं जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर, दिवसभर आकडे जुळवायचं काम. आठ आण्याचा फरक राहिला तर तासभर थांबून शोधणारी बाई मी, आणि जेवणाच्या ताटावर बसून दीड किलोमीटर हवेतनं काढून भाच्याच्या हातात दिले. त्या रात्री झोप लागली नाही असं नाही म्हणणार, झोप लागली, पण सकाळी गाडीला किल्ली लावली आणि समोरच्या खणात ठेवलेली वही दिसली तेव्हा पोटात गोळा आला. त्या वहीत सगळं लिहून ठेवलेलं होतं.

झालं असं की दिवाळीच्या आधी त्याला पहिला पगार झाला. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून शिरोलीला एका मशीन शॉपमध्ये लागलाय. पहिल्या पगारात आईला साडी, बाबांना घड्याळ, आणि माझ्यासाठी हा एक खोका. उघडला तर आत लाल कापसाच्या कापडाचा, दोन्ही बाजूंनी तारेच्या जाळीत धरलेला, घड्याघड्यांचा फिल्टर. हाताला जरा चिकट, तेलाचा वास. "आत्या, कागदाचा टाकून द्यायचा, हा धुवायचा, वाळवायचा, तेल मारायचं की परत नवा. आयुष्यभर जातोय. हवा मोकळी जाते म्हणून ॲव्हरेज वाढतंय." चार हजार आठशे रुपये दिले होते पोरानं. कागदाचा फिल्टर मला कधी चारशेच्या वर पडलेला नाही. पण त्या वेळी किमतीचं काही मनात आलं नाही, त्यानं स्वतः बॉनेट उघडून, चारी क्लिपा काढून, जुना फिल्टर माझ्या हातात देऊन नवा बसवला, तेव्हा त्याच्या बोटांच्या हालचालीत मला अण्णाच दिसले. तसंच ओठ मुडपून काम करायचं.

अण्णा म्हणजे माझे वडील. उद्यमनगरात टर्नर होते, आयुष्य लेथवर गेलं. त्यांच्या चेतकच्या डिकीत एक लाल कापडी बांधणीची वही असायची, वाण्याकडं असते तसली, आणि प्रत्येक वेळी पेट्रोल भरलं की तारीख, किलोमीटर, लिटर आणि पैसे. टाकी फुल करायची, पुढच्या वेळी परत फुल करायची, मधे पळालेले किलोमीटर भागिले आत्ता बसलेलं पेट्रोल. पंपावरच्या पोराला त्यांनी कधी घाई करू दिली नाही. मागं रांग लागायची, लोक हॉर्न मारायचे, अण्णा शांतपणे पेन्सिल जिभेला लावून आकडा लिहायचे. मला तेव्हा लाज वाटायची, शाळेतली कोणी मैत्रीण बघेल म्हणून. आता माझ्या गाडीत तशीच वही आहे आणि मागच्यानं हॉर्न मारला तरी मी लिहिल्याशिवाय निघत नाही.

आणि धुवायचा फिल्टर म्हटलं की मला तो लाल कापसाचा आठवतच नाही, चेतकची ती जाळी आठवते. रविवारी सकाळी अंगणात पोतं अंथरून अण्णा बसायचे, स्कूटरचं बगलेचं झाकण उघडायचे, आणि ती तारेची गुंतवळ्यासारखी जाळी बाहेर काढून वाटीभर पेट्रोलमध्ये बुडवायचे. वाटी धरायचं काम माझं. पेट्रोल आधी सोनेरी, मग चहासारखं, मग काळं. नाकात तो वास शिरायचा, डोळे चुरचुरायचे आणि तरी मला तिथनं हलायचं नसायचं. आमच्या मामांच्या ट्रॅक्टरला तर आणखी वेगळी तऱ्हा, तिथं खाली तेलाची वाटी असते, हवा त्या तेलावर आपटून वर जाते आणि माती तेलात बसते. उसाच्या हंगामात मामा ती वाटी उघडायचे तेव्हा तळाला काळाभोर, जाड, रंकाळ्याच्या गाळासारखा थर, बोटानं खरवडून काढावा लागायचा. म्हणजे धुऊन परत वापरायचा फिल्टर आपल्याकडं काही आत्ता आलेला नाही. फक्त तेव्हा कोणी तो ॲव्हरेज वाढतं म्हणून धूत नव्हतं. धूळ आत जाऊ नये म्हणून धुवायचे, बास.

आता वहीतले आकडे सांगते. लिटरमागं किलोमीटर, नवा फिल्टर बसवायच्या आधीच्या चार टाक्या १७.८, १८.३, १७.४ आणि १८.१. बसवल्यावरच्या चार १८.६, १७.६, १८.० आणि १७.३. पहिला १८.६ आला तेव्हा मी खरंच हरखले, पंपावरनंच फोन करणार होते त्याला. नंतर आठवलं, त्या पंधरवड्यात मी गाडी किती जपून चालवली होती. उजळाईवाडीच्या पुढं रस्ता मोकळा मिळाला तरी सत्तरच्या वर काटा जाऊ दिला नाही, सिग्नलला लांबनंच पाय काढायचा, क्लच अलगद. फिल्टर बदलला तसा माझा पाय पण बदलला होता. पुढच्या टाकीला कामाच्या घाईत विसरले आणि पाय मूळ जागी आला, आकडा पण आला. चार टाक्यांची बेरीज करून चारनं भागलं तर आधीचं १७.९, आणि नंतरचं, पॉइंटनंतर एकच आकडा धरला तर, १७.९. मी कॅल्क्युलेटरवर तीनदा केलं. एकदा तर हातानं कागदावर केलं, जणू काही कॅल्क्युलेटरच चुकत असेल.

लक्ष्मीपुरीतल्या आमच्या मेस्त्रींना विचारलं. त्यांचं गॅरेज म्हणजे दहा फुटाचं शटर आणि बाहेर रस्त्यावर मांडलेला संसार. त्यांनी हात पुसत पुसत सांगितलं, "ताई, तुमच्या अण्णांचा जमाना कार्बोरेटरचा. तवा फिल्टर चोंदला की गाडी पेट्रोल पीत होती." मग समजावून सांगितलं, आणि इतकं सोपं की मी तशीच मांडते. बाईकचा चोक ओढला की काय होतं, हवेची वाट अडते आणि पेट्रोल जास्त ओढलं जातं. चोंदलेला फिल्टर म्हणजे कायम थोडासा ओढून ठेवलेला चोक. प्लग काळा, धूर काळा, ॲव्हरेज खाली. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत मात्र कंप्युटर हवा किती आली ते बघूनच पेट्रोल सोडतो, आणि वर सायलेन्सरच्या वाटेवर एक सेन्सर बसलेला असतो तो जळून आलेल्या धुरातला ऑक्सिजन सतत तपासत असतो. हवा कमी आली तर पेट्रोल पण कमी. एक किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा, हा हिशोब तो मोडू देत नाही. "म्हणजे फिल्टर चोंदला तरी काही होत नाही?" मी विचारलं. "होतंय की. पिकअप जातंय. पन्हाळ्याच्या घाटात दाबून चालवा, कळंल. पर ॲव्हरेज न्हाई जात."

मग त्यांनी जे सांगितलं ते माझ्या डोक्यात कायमचं बसलं. म्हणाले, उसाला पाणी पाजताना पाटाचं दार निम्मं लावलंय, मग वरचा पाट कितीबी रुंद करा, सरीत पाणी तेवढंच येणार. ॲक्सिलरेटर म्हणजे ते दार. आपण रोज गाडी चालवतो तेव्हा पाय किती दाबलेला असतो, थोडासाच. पेट्रोल गाडीत हवा अडवायचं मोठं काम ते दारच करतं, फिल्टर त्या मानानं काहीच अडवत नाही. दार पूर्ण उघडलं, म्हणजे पाय पार तळाला नेला, तरच वरचा पाट रुंद असल्याचा फायदा. आणि तेवढा पाय मी कागलच्या रोडला कधी दाबते? ट्रॉलीला ओव्हरटेक करताना, दिवसातनं दोनदा-तीनदा.

रात्री फोनवर शोधत बसले तर कळलं, अमेरिकेत टेनेसीमध्ये ओक रिज नॅशनल लॅबोरेटरी आहे, तिथं २००९ मध्ये हेच तपासलं गेलंय. इंजेक्शनच्या गाड्या घेऊन त्यांचे फिल्टर मुद्दाम चोंदवले आणि बघितलं. ॲव्हरेजवर म्हणण्यासारखा फरक नाही. पण स्वच्छ फिल्टर लावल्यावर पिकअप ६ ते ११ टक्क्यांनी सुधारला. जुनी कार्बोरेटरची १९७२ ची गाडी पण घेतली होती, तिथं मात्र ॲव्हरेजमध्ये २ ते ६ टक्के फरक पडला. मेस्त्रींनी लक्ष्मीपुरीत टॉमी हातात घेऊन जे सांगितलं तेच. आणि मला वाटलं, अरे, पार चोंदलेल्या फिल्टरनं जर ॲव्हरेज उतरत नाही, तर चांगल्या कागदाच्या जागी आणखी मोकळा फिल्टर घालून ते चढणार कुठनं?

बरं, समजा पाच टक्के वाढलं असतं. महिन्याला हजार किलोमीटर धरले तर मला छप्पन्न लिटर लागतं, त्यातलं पावणेतीन लिटर वाचलं असतं, शंभराच्या पुढचा भाव धरून पावणेतीनशे-तीनशे रुपये. चार हजार आठशे फिटायला दीड वर्ष. वर धुवायच्या लिक्विडचे आणि तेलाचे पैसे वेगळे. हा हिशोब मी ऑफिसच्या व्हाउचरच्या पाठीवर केला आणि मग ते व्हाउचर कुणाला दिसू नये म्हणून घडी करून पर्समध्ये ठेवलं. का लपवलं, मलाच कळलं नाही.

या सगळ्यात एका गोष्टीनं मी अवाक झाले ती म्हणजे हवा. एक लिटर पेट्रोल जाळायला नऊ-दहा हजार लिटर हवा लागते. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच खोलीतली सगळी हवा तीन लिटर पेट्रोलमध्ये संपते. रोज कागलला जाऊन येण्यात माझी एवढीशी गाडी वीस-बावीस हजार लिटर हवा त्या घड्यांच्या चौकटीतनं ओढते. आणि हवा कसली, हंगाम चालू असला की ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातनं आणलेला चिखल रस्त्यावर वाळून त्याचा भुगा झालेला असतो, हायवेचं काम काढलंय तिथं मुरूम उडतो, चिपाडाच्या जळणाचा काळा कण काचेवर येऊन बसतो. मी संध्याकाळी घरी येऊन तोंड धुते तेव्हा टॉवेलला जो रंग लागतो ना, तो बघितला की गाडीच्या नाकातल्या त्या फिल्टरची कीव येते. यातली वाळूसारखी बारीक धूळ आत गेली तर सिलेंडर आणि रिंगा घासते. अण्णा म्हणायचे, उद्यमनगरात रेती उडते तिथं मशीनच्या स्लाइडवर नुसतं फडकं मारायचं नाही, आधी ब्रशनं झाडायचं, नाहीतर फडकंच पॉलिश पेपर होतंय.

म्हणून फिल्टरला एकच प्रश्न विचारायला हवा होता, धूळ किती अडवतोस. आणि इथं माझा जीव थोडा खालीवर होतो. हवा जितकी मोकळी जाऊ द्यायची तितकं धुळीला पण दार किलकिलं राहायची भीती असतेच, म्हणून तर कापसाला तेल लावतात, धूळ चिकटून राहावी म्हणून. ते तेल कमी पडलं तर कापूस एकटा काय करणार. जास्त झालं आणि गाडीला हवा मोजणारी तापलेली तार असेल तर तेल तिच्यावर जाऊन बसू शकतं. पूर्ण वाळायच्या आधी बसवला तर आणखी वेगळं. म्हणजे हा फिल्टर निगा मागतो. कागदाचं तसं नाही, उलट त्याच्यावर थोडी धूळ बसली की तो आणखी बारीक धूळ पकडायला लागतो, आणि संपला की गुमान टाकून द्यायचा. माझ्यासारखीला, जिला गाडी धुवायला पण रविवार पुरत नाही, तिला कुठला बरा ते उघड आहे.

पण खरं सांगू, मला तो फिल्टर आवडत होता. बसवल्यापासनं जोरात पाय दाबला की बॉनेटखालनं एक वेगळा, खोल आवाज यायचा, जरा गुरगुरल्यासारखा. लक्ष्मी टेकडीच्या चढाला उसाच्या ट्रॉलीच्या पुढं जाताना तो आवाज आला की मला वाटायचं गाडी वयानं लहान झाली. तेवढा वेळ मी पण. आणि प्रत्येक वेळी आठवायचं की हे पोरानं पहिल्या पगारातनं दिलंय. तो आवाज मी ॲव्हरेजमध्ये धरला असता तर वाढलंच होतं म्हणायचं. ताटावर बसून मी जे बोलले ते बहुतेक त्या आवाजाचं होतं, वहीचं नव्हतं.

आठवडाभर मला अण्णांच्या मित्राची गोष्ट आठवत राहिली. एका वर्षी पेट्रोलच्या नळीला लावायच्या लोहचुंबकाचं खूळ आलं होतं. चुंबक लावा, पेट्रोल वाचवा. अण्णांचे एक जोडीदार, जन्माचे मित्र, त्यांनी दोन आणले, एक स्वतःला, एक अण्णांना, आणि पैसे काही केल्या घेईनात. अण्णांनी चार टाक्या लावून बघितला. काही नाही. मी तेव्हा नववीत असेन, मला वाटलं आता हे जाऊन सांगणार, तुझा चुंबक खोटा. पण अण्णा वही घेऊन त्यांच्या घरी गेले, मी स्कूटरवर मागं बसलेले. चहा झाला. आईसारख्याच कोल्हापुरी बोलणाऱ्या त्या काकू पण, "बसा, मी भजी तळतो" म्हणत आत गेल्या. मग अण्णांनी वही उघडून मित्राच्या मांडीवर ठेवली, पेन्सिल दिली आणि म्हणाले, "भागाकार जरा तू कर, माझा चष्मा घरी राहिलाय." चष्मा त्यांच्या खिशात होता. मला दिसत होता. काकांनी एकेक भागाकार केला, शेवटचा झाल्यावर जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "माझा पण काढून टाकतो." भजी आली, विषय संपला, मैत्री पुढं तीस वर्षं चालली. अण्णा जाऊन आता सहा वर्षं झाली, ते काका अजून दर गणपतीला येतात.

मागच्या रविवारी मी वही घेऊन भावाकडं गेले. भाचा गॅलरीत बसून बूट पुसत होता. मी वही त्याच्या पुढ्यात ठेवली, पेन ठेवलं, आणि चष्म्याचं कारण मात्र मला काढता आलं नाही. म्हटलं, "हे जरा करून बघ." त्यानं फोनवर भराभरा भागाकार केले, पहिला १८.६ आल्यावर मान हलवली, पुढच्यांना थांबला. मग आधीच्या टाक्या केल्या. मग पान उलटून परत पहिल्यापासनं केलं. आत कुकरची शिट्टी झाली तरी कुणी काही बोललं नाही.

"म्हंजे त्या दिवशी खोटं बोललीस तू?"

"व्हय."

"का गं?"

मी सांगायला लागले, पहिला पगार, तुझा चेहरा, असलं काहीतरी, आणि माझंच बोलणं मला लंगडं वाटायला लागलं. तो ऐकत होता का नव्हता माहीत नाही. उठला, गाडीची किल्ली मागितली आणि खाली गेला, मी मागनं. बॉनेट उघडलं, क्लिपा काढल्या, फिल्टर काढून उन्हात धरला. बाहेरच्या बाजूला लाल रंग कुठं दिसतच नव्हता, घडीघडीत तांबूस-राखाडी धूळ बसलेली, मधेच एक वाळलेला चिलट. मग त्यानं खिशातला पांढरा रुमाल बोटाला गुंडाळून इंजिनाकडं जाणाऱ्या नळीत आतनं फिरवला आणि बाहेर काढून बघितला. तेलाचा पुसट पिवळा डाग. त्यानं रुमाल मला दाखवला, परत स्वतः बघितला, नखानं डाग खरवडला, कण लागतोय का ते दोन बोटांत चोळून बघितलं. काही लागलं नाही. "धूळ तर अडवतोय," म्हणाला. "असू दे हा. धुवायचा मात्र मी, तू हात लावायचा नाहीस. बाबांच्या गाडीला नको घ्यायला." आणि जरा थांबून, "त्या दोघांना पण सांगतो."

फिल्टर झटकून परत बसवला, क्लिपा लावल्या, बॉनेट पाडलं. मला वाटलं आता वर जाऊया. पण तो खाली बसून पुढच्या चाकाकडं बघत होता. "आत्या, टायरला हवा कधी बघितलीस?" मला आठवेना. दारापाशी कंपनीचा स्टिकर असतो त्यावर ३३ लिहिलंय, हे इतकी वर्षं गाडी चालवून मला त्यानं दाखवलं. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडं गाडी नेली. त्यानं गेज मागून घेतला, वाल्व्हचं टोपण माझ्या हातात दिलं आणि ओठ मुडपून काटा बघितला.

"सत्तावीस," तो म्हणाला. "लिही. आणि आज टाकी फुल करूया."